समक्ष

मडगावच्या आमच्या लॉ कॉलेजात मूट कोर्ट होतं
आणि मी वकील नव्हते.
माझ्याकडे घंटी होती, हॉटेलच्या काउंटरवर असते तसली,
आणि तीन पुठ्ठे :
पाच मिनिटं. एक मिनिट. थांबा.

खटला एका खोट्या देशातला.
देशाला राजधानी होती, समुद्र होता,
घटना मात्र आपलीच, कलमांच्या आकड्यांसकट.
रात्री दीड वाजता पोलिसांनी एका माणसाचा अंगठा धरून
त्याच्याच फोनवर टेकवला.
फोन उघडला.
आता प्रश्न असा, की अंगठा बोलला का?
बोलला असेल तर कलम वीस, पोटकलम तीन :
आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.
नसेल बोलला, तर तो नुसता अंगठा,
केसासारखा, रक्ताच्या थेंबासारखा,
पाकिटात घालून सील करण्याजोगा.

आरोपीकडून बेळगावची अन्विता हुक्केरी.
कोट उसना असावा, बाह्या बोटांपर्यंत.
म्हणाली, मायलॉर्ड, माणसाकडून किल्ली हिसकावणं वेगळं
आणि माणसाचीच किल्ली करणं वेगळं.
मागच्या रांगेतून कुणीतरी 'व्वा' म्हणालं,
जत्रेतल्या नाटकाला म्हणतात तसं.
सरकारकडून आमचा ऑस्विन कुलासो.
घोटभर पाणी प्यायला, म्हणाला,
हजेरीच्या मशीनवर आपण रोज बोट ठेवतो,
तेव्हा कुणाला घटना आठवते?
तिन्ही न्यायाधीश हसले.
त्यातले एक खरेच निवृत्त, कानात यंत्र, ते जरा उशिरा हसले.

मी पाच मिनिटांचा पुठ्ठा वर केला.

पान अकरावर पंचनामा होता.
तळाशी पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन.
नावं नाहीत. खोट्या देशात पंचांना नावं लागत नाहीत.
दोन दिवसांत सोळा संघ बोलून गेले,
खासगीपण झालं, प्रतिष्ठा झाली, परदेशातले निवाडे झाले,
त्या दोघांना कुणी विचारलं नाही :
रात्री दीड वाजता तुम्ही तिथे काय करत होता, बाबांनो?

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
पंच क्रमांक एकचा सोड्याचा गाडा आहे,
कुशावतीच्या पुलापलीकडे, चौकीसमोर.
शिपाई हाक मारतो, "शाबा, ये रे, सही घाल."
तो हात पुसतो, जातो.
कागद इंग्रजीत असतो. शिपाई मराठीत समजावतो :
तुझ्या समक्ष झालं. इथे.
किती सह्या झाल्या ते त्याने मोजलेलं नाही.
गाडा मात्र अजून कुणी हलवायला सांगितलेला नाही
आणि माझी फी त्या गाड्यावर निघते.

पाचामुखी परमेश्वर, म्हणतात.
इथे दोनच मुखं, तीही मिटलेली.

अन्विताचं एक मिनिट उरलं होतं.
ती गप्प राहण्याच्या हक्कावर बोलत होती,
भरभर, कारण वेळ नव्हता.
मी एकचा पुठ्ठा धरला. मग 'थांबा'चा.
घंटीवर माझं बोट आठ-दहा सेकंद उशिरा उतरलं.
नोंद कुणी घेतली नाही.

ऑस्विन जिंकला. करंडक, फोटो, गार झालेली पॅटीस.
शेवटच्या कदंबने मी पुलाशी उतरले.
बाबा रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये लावत होते.
"कोण जिंकलं?"
"सरकार."
"मग काय," म्हणाले,
पावसाळ्यात पाऊस पडला असं सांगितल्यासारखं.

मी विचारलं, बाबा, समक्ष म्हणजे किती लांबून?

त्यांनी चौकीकडे पाहिलं नाही.
गाड्याचा पत्रा फडक्याने पुसला, कोरडाच होता.
"दार लोटलेलं असायचं," म्हणाले.
"आवाज यायचा."

मग माझ्यासाठी एक लिंबू-सोडा फोडला,
गोटी आत ढकलून,
अंगठ्याने.